आगमन आणि वास्तव्य : सोलापूरच्या स्थानिक इतिहासलेखनातील स्थलांतरितांचे स्थान

१

सोलापूर जिल्ह्यात जेऊर या नावाची दोन गावे आहेत. एक करमाळा तालुक्यात, दौंड-सोलापूर लोहमार्गावरचे. दुसरे अक्कलकोट तालुक्यात, कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा जेथे घरात आणि बाजारात एकाच वेळी वावरतात अशा मुलखातले. पहिल्या जेऊरवरून रेल्वे धावू लागली ती १८५९ मध्ये, डिकसळ ते बार्शी रोड हा टप्पा सुरू झाला तेव्हा. त्या काळी करमाळ्याच्या पूर्वेला परांड्यापासून निजामाचा मुलूख सुरू होत असे. दुसरे जेऊर १९४८ पर्यंत अक्कलकोट संस्थानात होते. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर ते सोलापूर जिल्ह्याचे झाले. १९६७ च्या महाजन आयोगाने ज्या २४७ गावांची शिफारस कर्नाटकाच्या पदरात टाकली, त्यांत अक्कलकोट तालुका होता. म्हणजे एकाच जिल्ह्यातील, एकाच नावाच्या या दोन गावांना 'स्थानिक' हे विशेषण लावताना दोन निरनिराळ्या सीमांचा आणि दोन निरनिराळ्या कालखंडांचा हिशेब मांडावा लागतो.

या साध्या वस्तुस्थितीतून जो प्रश्न उभा राहतो तो प्रस्तुत लेखाचा विषय आहे. जिल्हा ही प्रशासनाने आखलेली चौकट. तिच्या आत राहणाऱ्या माणसांपैकी 'स्थानिक' कोण आणि 'बाहेरून आलेले' कोण, हे कोणत्या लेखनाने ठरवले? त्या लेखनाच्या रूपबंधाचा या ठरवण्याशी काय संबंध आहे? स्थानिक इतिहासाकडे आपण सामान्यतः माहितीचा साठा म्हणून पाहतो. ती एक कथनप्रधान संहिता आहे आणि तिला स्वतःचे संकेत आहेत, याकडे समीक्षेचे लक्ष क्वचितच जाते. सोलापूर हे या दृष्टीने तपासण्याजोगे उदाहरण आहे. पद्मशाली, वडार, कैकाडी, कोल्हाटी, लिंगायत, मारवाडी अशा अनेक समाजांच्या वाटा या जिल्ह्यात येऊन मिळाल्या आहेत. त्यांचा वारसा जिल्ह्याच्या इतिहासात उल्लेखिला जात नाही असे नाही. तो उल्लेखिला जातो, परंतु एका विशिष्ट जागी बसवून. ती जागा कोणती, हे पाहणे अगत्याचे आहे.

२

जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याचे गॅझेटियर सिद्ध झाले. त्याचा सोलापूरविषयक विसावा खंड १८८४ मध्ये प्रकाशित झाला. मराठीत पुढे जे जे स्थानिक इतिहासलेखन झाले, त्यावर या ग्रंथमालेची छाया आहे. शाळांसाठी लिहिलेली जिल्ह्याची भूगोल-इतिहासाची पुस्तके, नगरपालिकांचे स्मरणग्रंथ, साहित्य संमेलनांच्या स्मरणिकांमधील 'आमचा जिल्हा' छापाचे लेख, या सर्वांची प्रकरणरचना गॅझेटियरच्या वळणाची असते. म्हणून त्याच्या आशयाआधी त्याची रचना पाहिली पाहिजे.

या रचनेत 'लोकसंख्या' हे एक प्रकरण आहे आणि 'इतिहास' हे दुसरे. लोकसंख्येच्या प्रकरणात जातवार नोंदी येतात. व्यापारी, शेतकरी, कारागीर, मजूर, भटके, भिक्षेकरी अशा गटांत समाज विभागलेले असतात. प्रत्येक नोंदीत पोटजाती, कुळे, वर्ण व अंगलट, घर, अन्न, पोशाख, व्यवसाय, संस्कार आणि शेवटी 'स्थिती' असा क्रम ठरलेला असतो. ही नोंद वर्तमानकाळात लिहिलेली असते : ते अमुक खातात, अमुक नेसतात, अमुक देवाला भजतात. इतिहासाच्या प्रकरणाचा काळ मात्र भूतकाळ आहे, आणि त्याचे कर्ते म्हणजे चालुक्य, यादव, बहमनी, आदिलशाही, मराठे व इंग्रज. एका प्रकरणात माणसे आहेत पण घटना नाहीत. दुसऱ्यात घटना आहेत पण ही माणसे नाहीत.

योहान्नेस फेबियन या मानवशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये असे दाखवून दिले की मानवशास्त्रीय लेखनातील हा अखंड वर्तमानकाळ निरुपद्रवी नसतो. वर्ण्य समाजाला लेखकाच्या काळात सहभागी होऊ न देण्याचे ते एक साधन असते. गॅझेटियरच्या बाबतीत हे विधान तंतोतंत लागू पडते. त्याला एक पुरवणी मात्र जोडावी लागेल. स्थलांतरित समाजांच्या नोंदींमध्ये एक वाक्य हटकून भूतकाळात असते, आणि ते म्हणजे आगमनाचे वाक्य. अमुक समाज तेलंगणातून आला, अमुक कर्नाटकातून, अमुक मारवाडातून. कधी दुष्काळामुळे, कधी व्यापारानिमित्त. हे वाक्य संपले की नोंद पुन्हा वर्तमानकाळात जाते आणि तेथेच स्थिरावते. आगमन नोंदले जाते, वास्तव्य नोंदले जात नाही. येणे ही घटना ठरते. राहणे, काम करणे, झगडणे, भाषा बदलणे, पिढ्या वाढवणे या घटना ठरत नाहीत. परिणामी शंभर वर्षे नांदलेला समाजही संहितेच्या दृष्टीने कालपरवा आलेलाच राहतो.

१९७७ मध्ये महाराष्ट्र शासनाने सोलापूर जिल्हा गॅझेटियरची सुधारित आवृत्ती काढली. जातवार वर्णनांचा वसाहतकालीन पसारा तीत आवरला गेला आणि त्याची जागा मोठ्या प्रमाणात जनगणनेच्या कोष्टकांनी घेतली. तथापि 'इतिहास' आणि 'लोक' ही प्रकरणे वेगळीच राहिली. वर्णनाचा तिरस्कारयुक्त सूर गेला, मातृभाषांचे आकडे आले. पण आकड्यांनाही भूतकाळ नसतो. स्वातंत्र्यानंतरच्या लेखनाने गॅझेटियरचा साहेबी दृष्टिकोन नाकारला, त्याचे व्याकरण मात्र स्वीकारले, असे म्हणणे भाग आहे.

३

यावर एक आक्षेप संभवतो. मराठी संस्कृतिविचारात बाहेरून आलेल्यांना सामावून घेण्याची एक समर्थ परंपरा आहे, आणि 'समन्वय' ही तिची मध्यवर्ती संकल्पना आहे. रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा १९८४ चा ग्रंथ याच जिल्ह्यातील पंढरपूरच्या दैवताविषयी आहे. विठ्ठलाचे गोपजनांशी असलेले मूळ नाते आणि त्याचे दाक्षिणात्य अनुबंध ढेरे यांनी ज्या व्यासंगाने उलगडले, त्यानंतर महाराष्ट्राचे आराध्यदैवत निखळ 'मराठी' असल्याचा दावा कोणालाही करता येऊ नये. संतकाव्यानेच त्याला 'कानडा' म्हटले आहे. गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या दैवतांचा जो अभ्यास केला त्याचाही रोख असाच आहे : दैवते कळपांबरोबर चालतात, आणि ज्याला आपण स्थान म्हणतो तो अनेकदा एक मुक्काम असतो.

सोलापूर शहराचे ग्रामदैवत सिद्धेश्वर. बाराव्या शतकातील सिद्धराम हे वचनकार होते. त्यांची रचना कन्नडमध्ये आहे. मकरसंक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा शहरातील सर्व भाषांची माणसे रस्त्यावर असतात. पण मराठी वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकात सोलापूरचे वाङ्मय म्हणून सिद्धरामांचा विचार होत नाही. तो कन्नड वाङ्मयेतिहासाकडे सोपवला जातो. उलट दिशेचे उदाहरण भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल येथे मिळते. चालुक्यकालीन मंदिराच्या, कन्नड शिलालेखांच्या या परिसरात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी लेख आहे. तो उजेडात आणला तो आनंद कुंभार या सोलापूरच्या स्वयंशिक्षित संशोधकाने. आद्य मराठी शिलालेखाचा मान त्याला दिला जाऊ लागला, तेव्हा त्याचे मराठीपण जेवढे गाजले तेवढे त्याचे शेजार गाजले नाही. एकाच संगमावर दोन भाषा लिहिल्या जात होत्या, ही त्या लेखाची खरी साक्ष आहे. मानाच्या चर्चेत ती मागे पडली.

समन्वयाच्या संकल्पनेची मर्यादा येथे दिसू लागते. तिच्या साहाय्याने दैवते, मंदिरे, शैली यांचे स्थलांतर अभिमानाने सांगता येते. करमाळ्याच्या कमलादेवीच्या मंदिराची दाक्षिणात्य धाटणीची गोपुरे पाहून कोणी त्यांना उपरी म्हणत नाही. निजामाचा सरदार रावरंभा निंबाळकर याने ते मंदिर बांधवले एवढे सांगितले की कथन पुरे होते. दगड घडवणारा आणि वाहणारा कोठून आला, हा प्रश्न त्या कथनात उद्भवत नाही. समन्वय ही संकल्पना देवांना जशी लागू पडली तशी मजुरांना लागू पडली नाही. शिवाय समन्वय म्हटले की संघर्ष मिटल्याचे गृहीत धरले जाते. ज्यांचे संघर्ष अजून मिटलेले नाहीत त्यांच्यासाठी तिच्यात जागा उरत नाही.

४

मजुरांचा इतिहास सोलापुरात शोधायचा तर तो गिरणीपासून सुरू करावा लागतो. मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजेच लोकांच्या तोंडची 'जुनी गिरणी', १८७७ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या दोन दशकांत लोहमार्ग पुण्याकडून डिकसळ, जेऊर, बार्शी रोड, मोहोळ असा सरकत १८६० मध्ये सोलापुरास पोहोचला होता. भारतातील रेल्वेबांधणीचा इतिहास लिहिणारे इयन केर यांनी १९९५ च्या ग्रंथात वडारांचा निर्देश मुद्दाम केला आहे. हे कुटुंबकबिल्यासह एका कामावरून दुसऱ्या कामावर फिरणारे मातीकामातले कसबी लोक होते, हे त्यांचे प्रतिपादन महत्त्वाचे आहे. 'भटके' या शब्दातून निरुद्देश भटकंतीची जी प्रतिमा उभी राहते, ती त्याने खोडून निघते. ती भटकंती कामाच्या मागची होती. आधुनिक अर्थव्यवस्थेचा पाया ज्या फिरत्या श्रमावर घातला गेला, तोच श्रम गॅझेटियरच्या वर्गीकरणात अस्थिरतेचे लक्षण ठरला.

पद्मशाली विणकरांचे आगमन हा याच कालखंडाचा दुसरा पदर आहे. वरंगळ, करीमनगर, नलगोंडा, मेदक, महबूबनगर या निजामी मुलखातील तेलुगू भाषक विणकर कुटुंबे सोलापुरात आली. त्यांतील काही गिरणीत शिरली, बहुतेकांनी हातमाग टाकले. पुढे यंत्रमाग आले, आणि सोलापुरी चादर हे नाव देशभर झाले. डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातील लहान शहरांच्या भांडवलशाहीवर २०१२ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात या विणकरांचा विचार केला आहे. हातमाग हा गिरणीपुढे मरत चाललेला अवशेष होता, हे जुने गृहीतक असा अभ्यास पुढे आल्यावर टिकत नाही. शहराच्या पूर्व भागात तेलुगू माध्यमाच्या शाळा निघाल्या; नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघू लागला; पुरुष मागावर आणि स्त्रिया विड्या वळण्यात अशी श्रमविभागणी रुजली. २००६ मध्ये कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी १०,००० घरांची वसाहत उभी राहिली आणि तिला गोदूताई परुळेकर यांचे नाव देण्यात आले. तेलुगू भाषक कामगार स्त्रियांच्या वसाहतीला वारली लढ्यातील मराठी नेत्याचे नाव असावे, या घटनेत स्थलांतरिताच्या वास्तव्याचा जेवढा इतिहास आहे तेवढा 'तेलंगणातून आले' या वाक्यात नाही.

तिसरा पदर अधिक कठोर आहे. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. १९११ च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यात लागू करता आला. सोलापूरला जी सेटलमेंट उभी राहिली तिच्या काटेरी तारांच्या आत कैकाडी आदी जमातींच्या कुटुंबांना हजेरीच्या आणि परवान्याच्या बंधनात ठेवण्यात आले, आणि येथील माणसे गिरण्यांमध्ये कामाला जाऊ लागली. सुधारणा, धर्मकार्य, पोलीस आणि गिरणीची मजुरांची गरज ही चारही सूत्रे या एका जागी एकत्र आलेली दिसतात. जो फिरतो तो गुन्हेगार, म्हणून त्याला थांबवायचे. आणि थांबवलेल्या जागी तो 'स्थानिक' व्हायचा नाही, 'सेटलमेंटवाला' व्हायचा. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, जमाती 'विमुक्त' झाल्या. तारा गेल्या तरी वस्तीच्या नावात 'सेटलमेंट' हा शब्द राहिला.

हे तिन्ही पदर १९३० च्या मे महिन्यात सोलापूरच्या रस्त्यावर एकत्र आले. गांधीजींच्या अटकेनंतर गिरणी कामगारांचा संप, गोळीबार, पोलीस चौक्यांची व न्यायालयाची जाळपोळ, काही दिवस शहरातून नाहीसे झालेले सरकार आणि मग १२ मेपासूनचा लष्करी कायदा, हा घटनाक्रम सर्वपरिचित आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना फाशी देण्यात आले. ही चार नावे एकामागून एक उच्चारली तरी सोलापूर हे कसे शहर आहे ते कळते. त्यांच्या भाषा, धर्म, पूर्वजांच्या वाटा वेगवेगळ्या. परंतु स्थानिक इतिहासाने त्यांच्याकडे पाहिले ते राष्ट्रीय एकात्मतेचे प्रतीक म्हणून. प्रतीक झाल्यावर भिन्नता ही केवळ शोभा उरते. कन्नड, मारवाडी, मराठी, उर्दू बोलणारी माणसे एका शहरात कोणत्या श्रमामुळे, कोणत्या बाजारामुळे, कोणत्या शेजारामुळे एका लढ्यात आली, हा इतिहासाचा प्रश्न चौकातल्या पुतळ्यांपाशी थांबतो. 'इतिहास' प्रकरणात प्रवेश मिळाला, पण 'लोकसंख्या' प्रकरणातले सामान दाराबाहेर ठेवून.

५

मग वास्तव्याचा इतिहास कोठे लिहिला गेला? माझ्या मते तो मराठी आत्मकथनांत लिहिला गेला, आणि आपण तो इतिहास म्हणून वाचला नाही.

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये, किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ मध्ये. पहिल्या दोहोंना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. या तिन्ही शीर्षकांकडे गॅझेटियरच्या पार्श्वभूमीवर पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ही शीर्षके म्हणजे संहितेने दिलेल्या नोंदीच आहेत : बाहेरचा, चोर, अमक्या जातीचे मूल. लेखकांनी ती नोंद उचलली आणि तिला प्रथमपुरुषी भूतकाळ जोडला. 'ते गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरतात' हे नोंदीचे वाक्य. आम्ही अमुक गावच्या वेशीबाहेर उतरलो, तेथे असे घडले, मग आम्हाला हाकलले, हे आत्मकथनाचे. क्रियापदाच्या या बदलात वर्ण्य विषयाचा कर्ता होतो. दलित आत्मकथनांची चर्चा आपल्याकडे वेदना, विद्रोह, अनुभवाची अस्सलता या संज्ञांनी पुष्कळ झाली. या लेखनाने केलेली ही व्याकरणिक उलथापालथ त्या मानाने दुर्लक्षित राहिली.

'कोल्हाट्याचं पोर' हे या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. काळे यांचा जन्म करमाळा तालुक्यातील नेर्ले येथला. म्हणजे जेऊर स्थानकाच्याच टापूतले हे पुस्तक. त्यात तमाशाचे फड आहेत, नाचणाऱ्या आईच्या कमाईवर जगणारे घर आहे, आजोळी वाढणारे आणि हालअपेष्टांत शिकणारे मूल आहे, आणि शेवटी मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचा प्रवास आहे. समीक्षेने हे पुस्तक एका जातीचा दस्तऐवज आणि एका स्त्रीच्या शोषणाची कहाणी म्हणून वाचले; ते वाचन चूक नाही. पण तेच पुस्तक करमाळा तालुक्याचा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सामाजिक इतिहास म्हणूनही वाचता येते. बागायतदाराची सत्ता, कलावंतिणीच्या घराशी गावाचे दुटप्पी नाते, शाळेत वडिलांच्या नावाच्या रकान्याने उभी केलेली अडचण, हे सर्व त्यात स्थळकाळासह आहे. तालुक्याचा इतिहास लिहिणाऱ्याने कमलादेवीचे मंदिर घ्यावे आणि हे पुस्तक 'साहित्य' म्हणून बाजूला ठेवावे, ही विभागणी 'इतिहास' आणि 'लोकसंख्या' या जुन्या विभागणीचीच नवी आवृत्ती होय.

येथे देशीवादाच्या चर्चेला स्पर्श करणे आवश्यक आहे. भालचंद्र नेमाडे यांनी साहित्यकृतीचे मूल्य तिच्या भूमीशी व समाजाशी असलेल्या नात्यात शोधले, आणि पाश्चात्त्य अनुकरणाच्या संदर्भात त्या भूमिकेने मोठे काम केले. परंतु देशीयतेचे रूपक जोवर मुळांचे आणि मातीचे आहे, तोवर ज्याच्या पायाखालची माती दर आठवड्याला बदलते त्याच्या लेखनाला ते रूपक अपुरे पडते. 'उपरा' ही कादाचित मराठीतील अत्यंत देशी संहिता आहे. पण तिची देशीयता वाटेची आहे, शिवाराची नाही. देशी असण्यासाठी एका जागी असणे आवश्यक आहे काय, हा प्रश्न या आत्मकथनांनी विचारला आहे. देशीवादी समीक्षेने त्याचे उत्तर द्यायला हवे.

सोलापूरच्या पद्मशाली समाजातून आलेले कवी आणि अनुवादक लक्ष्मीनारायण बोल्ली यांनी आपल्या आत्मचरित्राला 'एका साळियाने' असे नाव दिले. विणकरासाठी मराठी संतपरंपरेच्या ओळखीचा शब्द घेऊन एका तेलुगू भाषक घरातील लेखकाने स्वतःचा परिचय करून द्यावा, हा समन्वयाचा गौरवशाली नमुना म्हणून सांगण्याचा मोह होईल. त्याऐवजी त्यात भाषेत राहण्याचे, भाषेत घर करण्याचे श्रम पाहावेत, असे मला वाटते. आलेला माणूस राहतो तो अशा शब्दांत राहतो.

या वाचनाला एक धोका आहे, तोही नोंदवला पाहिजे. उपेक्षेला उत्तर म्हणून अनेक समाजांनी आपापले इतिहास लिहिले. त्यांत मूळपुरुष येतो, पुराण येते, राजाश्रयाच्या कथा येतात. पद्मशालींची परंपरा भावनाऋषी आणि मार्कंडेय यांच्यापर्यंत जाते. श्रद्धेच्या पातळीवर तिचा आदर राखूनही असे म्हणावे लागते की, समाजेतिहासाचे हे रूप राजवंशांच्या इतिहासाचेच अनुकरण करते. 'इतिहास' प्रकरणात शिरण्यासाठी ते वंशावळ दाखवते. माग, विडी, हजेरी, संप हे दाखवायला संकोचते. वारशाचा असा गौरव आगमनापूर्वीच्या काळात रमतो आणि वास्तव्याचा काळ पुन्हा रिकामाच राहतो.

६

हा सगळा खटाटोप पुस्तकी आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी महाराष्ट्रातील जातप्रमाणपत्राचे नियम पाहावेत. प्रमाणपत्र आणि पडताळणी यांसाठी अर्जदाराच्या कुटुंबाचे महाराष्ट्रातील वास्तव्य एका ठरावीक दिनांकापूर्वीचे असावे लागते : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. राज्य येथे जे मागते ते वास्तव्याचा इतिहास आहे. ज्याच्या पूर्वजांना दर मुक्कामी हाकलले गेले, ज्यांच्या जन्माची नोंद कोणत्याही गावाने केली नाही, त्याच्याकडून 'तुम्ही येथे होतात' याचा कागद मागितला जातो. शिवाय ओळखही जागेप्रमाणे बदलते. कैकाडी समाज विदर्भातील जिल्ह्यांत अनुसूचित जातींत मोडतो आणि सोलापुरात विमुक्त जातींत. संहितेने ज्यांच्या राहण्याला काळ दिला नाही, त्यांच्यावरच तो काळ सिद्ध करण्याचे ओझे आहे. स्थानिक इतिहासातील अनुल्लेख हा केवळ सांस्कृतिक अन्याय नव्हे. तो कार्यालयाच्या खिडकीपर्यंत पोहोचणारा आहे.

आणि जो निश्चिंतपणे स्वतःला स्थानिक म्हणवतो, त्याचे तरी स्थान किती निश्चित आहे? भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांतील गावेच्या गावे पाण्याखाली गेली. जुना लोहमार्गही काही अंतर बदलावा लागला. पिढ्यान्‌पिढ्या एका शिवारात राहिलेल्या शेतकऱ्याला 'धरणग्रस्त' ही नवी ओळख मिळाली, आणि पुनर्वसनाच्या गावात तो बाहेरचा झाला. पाणी ओसरले की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि लोक ते पाहायला जातात. त्याच पाण्यावर ऊस वाढला, साखर कारखाने वाढले, आणि दर हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या कोप्या घालून राहू लागल्या. म्हणजे या एकाच टापूत मूळचे रहिवासी विस्थापित झाले आणि विस्थापनाने निर्माण केलेल्या संपत्तीकडे नवे स्थलांतरित आले. स्थानिक आणि उपरा या दोन जाती नव्हेत. त्या एकाच भूप्रदेशाच्या इतिहासातील दोन अवस्था आहेत, आणि कोणाच्या वाट्याला कोणती अवस्था केव्हा येईल हे धरण, गिरणी, दुष्काळ आणि कायदा ठरवतात.

म्हणून स्थानिक इतिहासाच्या पुनर्लेखनाचा आग्रह धरताना 'स्थलांतरितांचे योगदान' असे आणखी एक प्रकरण शेवटी जोडून भागणार नाही. तसे प्रकरण म्हणजे लोकसंख्येच्या जुन्या प्रकरणाला सौजन्याचा मुलामा होईल. प्रकरणांमधली भिंतच काढावी लागेल. गॅझेटियर आणि आत्मकथन, गिरणीचे हजेरीपट आणि मार्कंडेयाचा रथ, सेटलमेंटचे परवाने आणि शाळेच्या दाखल्यातील रकाने, यांचे एकत्र वाचन करावे लागेल. आणि हे काम इतिहासकारावर सोपवून समीक्षकाला मोकळे होता येणार नाही, कारण कथनाचे काळ आणि कर्ते तपासणे हा मुळात समीक्षेचा व्यवसाय आहे.

करमाळ्याच्या जेऊरचा इतिहास कोणी लिहायला घेतला तर त्याने १८५९ च्या लोहमार्गापासून सुरुवात करावी. मार्गाचे श्रेय कंपनीला आणि अभियंत्यांना कागदोपत्री मिळालेलेच आहे. भराव टाकणारे हात कोणाचे होते, ते पुढे कोठे गेले, आणि त्यांतील कोण येथेच राहिले, हे विचारण्यापासून त्या गावाच्या इतिहासाचे पहिले प्रकरण सुरू होते. त्या प्रकरणाला 'लोकसंख्या' हे नाव देता येणार नाही.